कीर्तनासाठी नाकाबंदी

हत्तीचा पाय मगरीने धरला होता. हत्तीने सोंडेत कमळ उंच धरून देवाला हाक मारली होती. देवदत्तबुवांनी उपरण्याचा शेव कमरेला खोचला, मृदंगवाला पुढे सरसावला, मागचे टाळकरी पायांच्या चवड्यांवर आले. देव वैकुंठातून निघाले, घाईत गरुडालाही मागे टाकलं, आता खाली उतरणार... आणि देवांच्या जागी बनियन घातलेला एक दणकट माणूस हेलिकॉप्टरमधून खाली उतरला.

"अवो, हे कोण आले?" काशी म्हणाली. काशी म्हणजे आमची मंडळी. ती वाती वळत होती आणि तिचं अर्धं लक्ष टीव्हीकडे होतं.

बनियनवाल्याच्या मागून पत्ते खेळायला बोलावणारा एक तरुण आला, त्याच्या मागून गुडघेदुखीचं तेल आलं. पुन्हा कीर्तन दिसायला लागलं तेव्हा हत्ती सुटून पाण्याबाहेर आला होता आणि श्रोते डोळे पुसत होते. मी कोरडाच. आता हत्ती सुटतो हे काय मला ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे. पण कीर्तनात ठाऊक असलेलीच गोष्ट ऐकायची असते. ठाऊक नसलेलं ऐकायला बातम्या आहेत.

एरवी मी टीव्हीवर कीर्तन ऐकणाऱ्यांतला नव्हेच. बदलापूरच्या पुढे माझी सासुरवाडी. तिथल्या सप्ताहात देवदत्तबुवांचं काल्याचं कीर्तन असतं आणि लग्न झाल्यापासून त्या कीर्तनाला मी सतरंजीच्या पहिल्या रांगेत बसत आलोय. पण यंदा गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टरांनी जिने उतरायला मनाई केली आणि लिफ्ट बंद करून सोसायटीने त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. विठ्ठलवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर मी अडकलो. सप्ताहवाल्यांनी यंदा एका भक्तीच्या अ‍ॅपवर सगळी कीर्तनं थेट दाखवायची ठरवली, एवढाच काय तो आधार होता.

काल्याला बुवा एका लंगड्या गुराख्याची गोष्ट सांगतात. सगळे सवंगडी शिदोऱ्या घेऊन पुढे पळतात, हा मागे राहतो. शेवटी पोचतो, तर शिळी भाकरी दाखवायची लाज वाटून पाठीमागे लपवतो. आणि देव सगळ्यांची पक्वान्नं सोडून नेमकं त्यालाच विचारतात, "तुझ्या पाठीमागे काय आहे रे?" त्या वाक्याला मी दरसाल रडतो. यंदा तर मी स्वतःच पाय ओढत चालत होतो, म्हणजे यंदा रडण्यावर माझा पहिला हक्क होता. त्या वाक्यावर बनियनवाला उतरला असता तर मी त्याला आणि स्वतःला कधीच माफ केलं नसतं. काल्याला अजून काही दिवस अवकाश होता. मी कामाला लागलो.

आमच्या वरच्या मजल्यावर जिज्ञासा राहते. नीलिमावहिनींची मुलगी, नेटवर्कच्या कंपनीत आहे आणि घरूनच काम करते. तिला बोलावलं तर ती कानाला हेडफोन लावूनच खाली आली.

"काका, डीएनएस बदला. मग जाहिराती... येस येस, आय अ‍ॅग्री... हां काका, तुम्हाला नाही बोलले. डीएनएस म्हणजे पत्ता सांगणारा. टीव्हीला कुठे जायचं असलं की तो आधी पत्ता विचारतो. आपण असा पत्ता सांगणारा ठेवायचा, की त्याला जाहिरातवाल्यांचा पत्ता विचारला की तो म्हणेल, मला माहीत नाही."

"म्हणजे खोटं बोलेल?"

"चांगल्या कामासाठी, काका."

पुराणात दाखले आहेत, म्हणून मी हो म्हटलं. तिने चौऱ्याण्णवपासून सुरू होणारा एक नंबर दिला आणि तो कॉम्प्युटरवरून राउटरमध्ये टाकायला सांगितला. राउटर म्हणजे नेटचा डबा, जो आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर लुकलुकत असतो. वाटलं, हे तर पाच मिनिटांचं काम.

डब्याने पासवर्ड मागितला. नेटच्या कंपनीला फोन लावला. पुष्कळ वेळ बासरी ऐकवल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, ये कनेक्शन तो रघुनाथजी के नाम पे है."

रघू म्हणजे आमच्या घराचा आधीचा मालक. आता अंबरनाथला बुवापाड्यात राहतो.

"पण घर माझं आहे, डबा माझ्या देवाशेजारी आहे," मी म्हटलं.

"जी सर. लेकिन राउटर आपका नहीं है. ओटीपी उनके मोबाइल पे जाएगा."

ज्या वस्तूवरची धूळ मी इतकी वर्षं पुसतोय, ती माझी नाही हे असं परक्या मुलीकडून कळलं की माणसाचं कसं होतं, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. मनातलं सगळं गिळून मी रघूला फोन लावला.

"रघू, मी हरिचंद्र. तुझ्या खोलीत राहतो तो."

"माझ्या खोलीत? मी तर माझ्या खोलीतच बसलोय."

"अरे, विठ्ठलवाडीच्या. तुला एक ओटीपी आलाय बघ. तेवढा सांग."

रघू सावध आवाजात म्हणाला, "काका, ओटीपी कोणाला द्यायचा नाय. बँकवाले रोज मेसेज टाकतात."

"अरे, पण मी मागतोय!"

"सगळे असंच बोलतात."

"तुला माझा आवाज ओळखू येत नाही?"

"हल्ली आवाज पण नकली काढतात, काका. तुम्ही खरे हरिचंद्रकाका असाल तर सांगा, किचनमधली कुठली लादी हलते?"

"मोरीजवळची."

"बरोबर. तिच्या खाली काय हाय?"

"झुरळं!"

"हां, मग तुम्हीच. घ्या लिहून."

घर विकताना ही लादी त्याने मला दाखवली नव्हती, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. पण गरज माझी होती.

डबा उघडला, जिज्ञासाचा नंबर टाकला आणि काय सांगू, माझ्या मोबाइलवरचं कीर्तन गंगेसारखं वाहायला लागलं. तेल नाही, पत्ते नाहीत. मी विजयी मुद्रेने टीव्ही लावला. बनियनवाला आला. आज तर त्याच्याबरोबर त्याचा भाऊही होता.

जिज्ञासा पुन्हा हेडफोनसकट खाली आली. "काका, तुमचा टीव्ही राउटरला विचारतच नाहीये. कंपनीने त्याच्या डोक्यात बाहेरचा एक पत्ता सांगणारा कायमचा बसवलाय. आठ आठ आठ आठ. तो सार्वजनिक आहे, कोणालाही कशाचाही पत्ता देतो."

"घरचं माणूस घरात बसलेलं असताना हा बाहेर जाऊन विचारतो?" मी थक्क झालो.

"तुमच्यावर गेलाय," काशी आतून म्हणाली. "मी घरात असताना तुम्ही सगळं शेठजींना जाऊन विचारता."

शेठजी म्हणजे समोरचे ठाकुरदास शेठ. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि ते मला सल्ला देतात हे खरं आहे. मी विचारतो, हे तितकंसं खरं नाही.

"याला उपाय?"

"स्टॅटिक रूट," जिज्ञासा म्हणाली. "त्या आठवाल्याकडे जायचा रस्ताच आपण वळवायचा. घरातल्या अशा नंबरवर पाठवायचं जिथे कोणीच राहत नाही. टीव्ही तिथे जाईल, थांबेल, कंटाळेल आणि मुकाट्याने घरच्याला विचारेल... सॉरी सर, यू वेअर सेइंग?"

तिने सांगितलं तसं मी भरत गेलो. कुठे जायचंय तिथे चार वेळा आठ. त्याखाली चार वेळा दोनशे पंचावन्न, म्हणजे फक्त ह्याच एका माणसाला बंदी, त्याच्या भाऊबंदांना नाही. आणि शेवटी कोणाच्या दारात पाठवायचं, त्या रिकाम्या घराचा नंबर. इथे माझा हात थबकला. आमच्या घराण्यात पत्ता विचारत आलेल्याला पाणी दिल्याशिवाय सोडलेलं नाही. वडील मिठागरावर असताना वाट चुकलेल्या माणसाला स्वतः उठून बांधापर्यंत सोडायला जायचे. आणि मी, त्यांचा मुलगा, एका विचारणाऱ्याला समजूनउमजून कुलूपबंद दाराशी पाठवत होतो. तो बिचारा तिथे बेल वाजवत उभा राहील.

"काका, तो माणूस नाहीये," जिज्ञासा म्हणाली.

"सर्वांभूती देव असतो, बाळ," मी म्हटलं, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

टीव्ही क्षणभर घुटमळला. मग शहाण्या मुलासारखं कीर्तन सुरू झालं. मध्ये जिथे जाहिरात यायची तिथे नुसता काळा पडदा आला आणि गेला, जणू बुवांनी श्वास घेतला. मी काशीला हाक मारली, काशीने नीलिमावहिनींना, वहिनींनी सगळ्या जिन्याला.

आता इथे जे घडलं त्याचा दोष मी कोणालाच देत नाही. काल्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी दिवेलागणीला आमच्याकडे मजला भरून माणसं जमली. जिज्ञासा तेवढी कामासाठी पुण्याला गेली होती. आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला एक पद्धत आहे. ठरलेल्या आरत्या झाल्या की प्रत्येक घर आपली एक म्हणतं. कोणाची पूर्वजांकडून आलेली, कोणाची गावच्या देवीची. कोणाला थांबवायचं नाही. ज्याची राहिली तो रुसतो आणि मग वर्षभर पाण्याच्या मोटरवरून भांडतो. तीच पद्धत आम्ही इथे लावली.

"आठवाल्याला अडवलंत, छान केलंत," नीलिमावहिनी म्हणाल्या. "पण आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक एक एक एक असा पण एक आलाय. तो पण तसलाच आहे म्हणतात."

एक एक एक एक. वहिनींचा मान म्हणून टाकला.

वहिनींचा घेतला म्हटल्यावर तळमजल्यावरच्यांनी आपल्या भाच्याला फोन करून चार वेळा नऊ आणला. त्यांच्या शेजाऱ्यांना काही मिळेना, तर त्यांनी आठवाल्याचाच धाकटा भाऊ शोधला. एकेक टाकला की लोक टाळ्या वाजवायचे. काशी चहा करत होती. खरंच सांगतो, मला धन्य वाटत होतं. सगळी इमारत बुवांच्या कीर्तनासाठी झटतेय, सत्संग म्हणजे याहून वेगळं काय असतं?

ठाकुरदास शेठ तेवढे गप्प होते. त्यांना शेवटी बोलायची सवय आहे. चहा संपवून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल डोळ्यांशी धरला.

"साईं, ऐसे एक एक करके क्या होगा? थोक में करो. ये देखो, पूरी लिस्ट है. दुनिया के सारे पब्लिक डीएनएस. मी बोलतो, तुम्ही टाका."

ते बोलत गेले, मी टाकत गेलो. शेठ भाव सांगतात तसे आकडे सांगतात, ठसक्यात, ऐकणाऱ्याने विचार करू नये अशा बेताने. मी विचार केला नाही. एकेका आकड्याला कुलूपबंद दाराशी पाठवताना आता माझा हात थबकतही नव्हता. माणूस निर्ढावतो तो असा.

"अब देखना," शेठ म्हणाले, "कल तुम्हारा बुवा अखंड चलेगा."

काल्याच्या सकाळी मी आंघोळ करून, बुक्का लावून, पाय स्टुलावर ठेवून टीव्हीसमोर बसलो. बाकीची मंडळीही आपापल्या खुर्च्या घेऊन आली. टीव्ही लावला. पडद्यावर अक्षरं आली, इंटरनेट उपलब्ध नाही.

मोबाइल पाहिला. तिथेही नाही. डब्याचे दिवे मात्र हिरवेगार.

कंपनीला फोन केला. "सर, लाइट कौनसे कलर की है?"

"हिरवी."

"तो इंटरनेट चालू है, सर."

"पण चालत नाही!"

"चालू है सर, बस आपके यहाँ चल नहीं रहा. रघुनाथजी को बोलिए कॉल करें."

मोबाइलच्या स्वतःच्या नेटवर पाहू म्हटलं, तर आमच्या खोलीत त्याला कधीच रेंज नसते. फोनवर बोलायलाही मी खिडकीच्या गजाला टेकून उभा होतो. तिकडे टाळ वाजायला लागले असतील, बुवांनी हार घातला असेल, आणि मी इकडे दिव्याचा रंग सांगत होतो. पहिल्या रांगेतली माझी जागा कोणीतरी घेतली असेल, हेही त्याच वेळी मनात आलं.

"जिज्ञासाला लावा फोन," काशी म्हणाली.

जिज्ञासा मिटिंगमध्ये होती. कुजबुजत म्हणाली, "काका, काल काय केलंत?"

"काही नाही. थोडे रस्ते वळवले."

"किती?"

"तसे बरेच आहेत."

पलीकडे तिने सुस्कारा टाकलेला ऐकू आला. "एकेक डिलीट करत जा. कशाने बंद झालं ते कळेल."

फोन स्पीकरवर टाकून खिडकीतच ठेवला आणि मी खुर्ची फिरवून कॉम्प्युटरसमोर बसलो. माझा पहिला घाव नीलिमावहिनींच्या चार एकांवर पडणार, तोच त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे झालं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही हो वहिनी, फक्त बघतोय."

"मग आधी नऊवाल्यांचा बघा."

"आमचा कशाला?" तळमजलावाले उसळले. "आमचा भाचा इंजिनीअर आहे!"

"मेरे वाले रहने दो साईं," शेठ म्हणाले. "वो सब शरीफ हैं, लिस्ट में से आए हैं."

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. काशी मघापासून दारात उभी होती. ती वातीचा कापूस परडीत टाकून माझ्या मागे आली आणि म्हणाली, "मी घरातलं माणूस आहे, म्हणून एक विचारते. पहिल्या दिवशी जिज्ञासाने चांगला म्हणून जो दिला होता, त्याचा नंबर काय हो?"

"चौऱ्याण्णवपासून सुरू होणारा."

"मग हा काय?" तिने शेठजींच्या रांगेवर बोट ठेवलं. चौऱ्याण्णव.

फोनवर जिज्ञासा मिटिंग विसरून मोठ्याने हसली. "काका! तो पण पब्लिकच आहे ना! ज्याला घरात पत्ता सांगायला बसवलाय, त्यालाच तुम्ही कोंडलंत! आता घरातल्या कोणालाच कशाचाच पत्ता कळत नाहीये!"

सगळ्यांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काढला, पुसला. "मैं तो सिर्फ पढ़ रहा था," ते म्हणाले. "लिखनेवाला लिखते टाइम देखेगा ना?"

बरोबर होतं. चौऱ्याण्णववाल्याची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि त्याची वाट मोकळी केली. टीव्ही घुटमळला, आणि एकदम टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ खोलीत शिरला की काशीने नकळत पदर डोक्यावर घेतला.

अर्धं कीर्तन होऊन गेलं होतं. पण गोष्ट अजून व्हायची होती! बुवा गोपाळांना यमुनेच्या काठी घेऊन आले. शिदोऱ्या सुटल्या. कोणाचे लाडू, कोणाची पुरणपोळी. लंगडा मागून आला. नीलिमावहिनी आणि नऊवाले एकमेकांना टेकून बसले होते. शेठजींनी हात जोडले होते. लंगड्याने भाकरी पाठीमागे लपवली. मी उपरण्याचं टोक हातात तयार ठेवलं. जिथे जाहिरात यायची तिथे पडदा जरासा काळा झाला, उजळला, आणि बनियनवाला आलाच नाही. बुवा दोन पावलं पुढे आले, वाकले, हात पुढे केला. टाळ थांबले. आता देव विचारणार.

आणि बुवा थांबले. मागून सप्ताहाच्या कमिटीतला एक माणूस वाकत वाकत पुढे आला आणि त्याने बुवांच्या कानात काहीतरी सांगितलं. बुवांनी मान डोलावली आणि माइक त्याच्या हातात दिला.

"हॅलो, हॅलो. मंडळी, मंडपाच्या दारात लावलेली पांढरी गाडी लगेच काढावी, महाप्रसादाचा टेम्पो अडकलाय. आजच्या भाताचे दाते, गावदेवी कन्स्ट्रक्शन. मठ्ठ्याचे दाते, साईकृपा मोटार ड्रायव्हिंग स्कूल. शिकाल तर आमच्याकडे."

"हे पण आलेच!" मी ओरडलो. "अरे, गोष्ट अर्धी आहे, हा माणूस..."

"आणि आजच्या बुंदीचे दाते," तो म्हणाला, "आपल्या गावचे जावई, विठ्ठलवाडीचे हरिचंद्रशेठ भोईर. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झाल्याप्रीत्यर्थ. जोरात बोला, पुंडलिक वरदे..."

मंडपातल्या सगळ्या गर्दीने माझ्या गुडघ्यासाठी गजर केला. पहिल्या रांगेतली माणसं हात वर करून ओरडत होती.

मी काशीकडे पाहिलं. ती वाती वळत होती, बोटं जरा जास्तच वेगाने चालली होती.

"भावाला सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "जाता येत नाही तुम्हाला, तर निदान नाव तरी जाऊ दे."

मग काय विचारता! शेठजींनी मला मिठीच मारली. "हरिचंद्रशेठ! छुपे रुस्तम!" नऊवाल्यांनी माझ्या चांगल्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला. नीलिमावहिनींना बुंदी साजूक तुपातली आहे का ते कळायला हवं होतं. कोणीतरी म्हणालं, पुन्हा एकदा नाव घेतील का बघा, नीट ऐकू नाही आलं. ते मीच म्हणालो असेन. मागे कुठेतरी बुवांचा आवाज येत होता, मृदंग वाजत होता, देवांनी भाकरी मागितली असणार आणि लंगड्याने दिली असणार. मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. पण गाल ओले होते, ते कधी झाले तेही कळलं नाही.

फोन खिडकीत तसाच चालू होता. त्यातून जिज्ञासा विचारत होती, "काका, झालं का? जाहिराती बंद झाल्या सगळ्या?"

"एक आली मध्ये," मी म्हटलं.

"कुठली? नंबर द्या, तिला पण अडवू."

"नको गं बाई," मी म्हटलं. "ती राहू दे. ती अजून एकदा लागली तरी चालेल."